‘फस्क्लास’ आणि ‘थर्ड क्लास’



ज्याचे सारे आयुष्य धारणीच्या परिसरातील प्राथमिक शाळांतून मुलांची अक्षरे वळविण्यात गेले आणि ज्याचे इंग्रजी मॅट्रिकच्या उंबरठ्यापलीकडे कधी गेले नाही, अशा माणसाने इंग्रजी शब्दांच्या इतिहासावर बोलावे हे धारिष्ट्यच होय. परंतु ज्या शब्दप्रयोगाविषयी मी आज चार गोष्टी सांगणार आहे, तो समजण्यास इंग्रजी यावे लागत नाही. धारणीच्या बाजारात मिरच्या विकणारी बाई तो वापरते आणि अमरावतीचे वकीलसाहेबही वापरतात. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘फर्स्ट क्लास’. आमच्या वऱ्हाडी तोंडात ‘फस्क्लास’.

त्याचा रोजचा वावर पाहा. चहा फस्क्लास होतो, पाऊस फस्क्लास पडतो, दुपारी झोप फस्क्लास लागते. “काय गड्या, कसं काय?” असे विचारले की, “एकदम फस्क्लास!” एवढ्या उत्तराने प्रकृती, पीकपाणी आणि लेकीबाळींची खुशाली एका दमात सांगून होते. मुलगा फस्क्लास, मुलगी फस्क्लास, बैलजोडीही फस्क्लास. लिंग नाही, वचन नाही, विभक्तीची कटकट नाही. नामापुढे बसविला तर विशेषण, क्रियापदापुढे बसविला तर क्रियाविशेषण, आणि एकटा सोडला तर पुरे वाक्य. व्याकरण शिकविणाऱ्या मास्तराला अशा शब्दाचे भय वाटते आणि थोडा हेवाही वाटतो.

हा शब्द आपल्याकडे आला कोठून? वस्तूंना प्रती लावण्याची कल्पना आपणांस इंग्रजाने शिकविली असे मुळीच नाही. जुन्या महसुली दप्तरांत जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी लावीत असत. त्यांतील ‘अव्वल’ आजही जिवंत आहे, ‘दुय्यम’ कचेरीत नोकरी करून आहे आणि ‘सीम’ दप्तरातच मेला. पण ती प्रत मातीची होती. माणसांची प्रत लावून, ती छापील तिकिटावर घालून, खिडकीतून रोख पैशाला विकण्याची रीत मात्र आगगाडीबरोबर आली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे शाळेतील प्रत्येक मूल घोकते. त्या वेळचे भाडे मात्र कोणी घोकीत नाही. एकवीस मैलांच्या त्या प्रवासास पहिल्या वर्गाला दोन रुपये दहा आणे, दुसऱ्याला एक रुपया एक आणा आणि तिसऱ्याला पाच आणे तीन पै पडत. हिशेब करून पाहावा : पहिल्या वर्गाचा एक उतारू म्हणजे तिसऱ्या वर्गाचे आठ उतारू! त्याच वर्षीच्या मे महिन्यात निजामाशी तह होऊन आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे चौदा वर्षांत, १८६७ साली, आगगाडी अकोला व बडनेरा मागे टाकून नागपुरास पोहोचली. तिला मुख्यतः वऱ्हाडचा कापूस हवा होता. कापसाच्या गाठींबरोबर वऱ्हाडी माणूसही गाडीत चढला, आणि तो जवळजवळ सर्वच्या सर्व तिसऱ्या वर्गात चढला. आगगाडीने प्रवास करणाऱ्या शंभरांतील नव्वदांहून अधिक माणसे याच वर्गाची असत. मध्यंतरी काही काळ याच्याही खाली, बाके नसलेला, एक चौथा वर्ग होता. त्यात माणसे जमिनीवर बसत. त्याविषयी अधिक न बोललेले बरे.

आता भाषेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ज्या डब्यात आपल्यापैकी क्वचितच कोणी पाऊल टाकले, त्याचे नाव आपण स्तुतीसाठी घेतले. ज्या डब्यात आपले आजे, पणजे, आई-बाप बसले, त्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरू लागलो. “अगदी थर्ड क्लास माणूस”, “थर्ड क्लास कापड”, “थर्ड क्लास नाटक” असे आपण बेधडक म्हणतो. दोहोंमधला ‘सेकंड क्लास’ मात्र बोलीत रुजलाच नाही. चहा सेकंड क्लास झाला असे कोणी म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही; मधल्यासाठी आपला ‘बरा’ आणि ‘ठीक’ पुरेसा होता. इंग्रज लोकांत ‘फर्स्ट क्लास’ला उत्तम हा अर्थ आहेच, विद्यापीठांच्या परीक्षांनीही तो दृढ केला. पण माणसाला हिणवावयाचे झाल्यास ते ‘दुसऱ्या वर्गाचा नागरिक’ म्हणतात. आपण एक पायरी आणखी खाली उतरलो, कारण आपली ओळखीची पायरी तीच होती.

याला नाटकगृहांनी, सिनेमागृहांनी व परीक्षांच्या निकालांनीही हातभार लावला, हे खरे. तरी मुळाशी आगगाडीच होती असे माझे मत आहे. तिसऱ्या वर्गाची दशा खरोखरच वाईट होती, यात शंका नाही. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर बुद्ध्या त्या वर्गाने हिंडले आणि १९१७ साली त्यांनी त्यावर एक स्वतंत्र लेख लिहिला. डब्यावर लिहिलेल्या संख्येहून कितीतरी अधिक माणसे कशी कोंबलेली असतात, संडास कसे असतात, हे सारे त्यात आहे. पण गांधींनी दोष दिला तो डब्याला, रेल्वेच्या कारभाराला आणि आपल्या गलिच्छ सवयींना. आपल्या बोलण्याने दोष दिला तो बसणाऱ्याला.

मला तो डबा आठवतो. आमच्या तालुक्यात धूळघाटाजवळ खंडवा-अकोला मीटर गेजचा मार्ग डोंगरात स्वतःभोवती वळसा घेऊन स्वतःवरूनच जात असे. ती गाडी आता इतिहासजमा झाली. लहानपणी वडिलांबरोबर मी तिच्या तिसऱ्या वर्गातून अकोल्यास जात असे. लाकडी फळ्यांची बाके, खिडकीतून येणारी कोळशाची कणी, पायांखाली कोंबड्या आणि मोहाच्या फुलांच्या टोपल्या. बसावयास जागा कधीच नसे आणि तरी प्रत्येक वेळी ती मिळे. कोणी अनोळखी माणूस “सरका बाप्पा, लेकराले बसू द्या” म्हणे, आणि आठ माणसांचे बाक नवव्यासाठी सरके. पहिल्या वर्गात कोणी कोणासाठी सरकतो किंवा कसे, हे मला ठाऊक नाही. मी त्यात कधी बसलो नाही.

वर्गांची नावे पुढे बदलत गेली. १९५५ साली मूळचा पहिला वर्ग काढून दुसऱ्याला पहिला म्हणू लागले, आणि ‘इंटर’ म्हणून जो मधला वर्ग होता तो दुसरा झाला. तिसरा होता तेथेच राहिला. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला, म्हणजे त्याच बाकांना दुसरा वर्ग म्हणू लागले. त्यांवर दोन बोटे जाडीची गादी येण्यास मधु दंडवते रेल्वेमंत्री व्हावे लागले. ती गोष्ट १९७७ नंतरची. रेल्वेतून थर्ड क्लास गेला त्यास आता अर्धशतक उलटले. ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला नाही अशी मुले आज तो शब्द शिवी म्हणून बिनचूक वापरतात.

ज्या वर्षी तो वर्ग रद्द झाला, त्याच वर्षी मी मॅट्रिक झालो, आणि तिसऱ्या वर्गात झालो. आईने कोठून तरी उसने पैसे आणून पेढे वाटले. एक शेजारी पेढा तोंडात टाकून म्हणाले, “निकाल थर्ड क्लास असला तरी पेढे फस्क्लास आहेत हो!” सगळे हसले, मीही हसलो. आई हसली नाही. तिला त्यातील इंग्रजी किती समजले असेल कोण जाणे.

इतके असूनही तो शब्द माझ्या तोंडातून गेला नाही, हे सांगितलेच पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहानशा गावी, एकाच खोलीत तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग मी शिकवीत असे. मुले बहुतेक कोरकू. घरी कोरकू बोलणारी, मराठी शाळेत येऊन शिकणारी. चौथीतील एका मुलाने शुद्धलेखन आणून दाखविले. अक्षर किरटे, ओळ वाकडी. मी पाटी त्याच्या हातात परत देत म्हणालो, “अगदी थर्ड क्लास आहे.”

थर्ड म्हणजे तिसरा, हे मीच त्याला महिन्यापूर्वी शिकविले होते. क्लास म्हणजे वर्ग, हेही. तो क्षणभर उभा राहिला. मग, “बरं गुरुजी” म्हणाला, आपल्या जागेवरून दप्तर उचलले आणि भिंतीकडेला तिसरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मी हाक मारणार तोच तिसरीतली मुले सरकली आणि त्यांनी त्याला बसावयास जागा करून दिली.