रिकव्हरी रन म्हणजे काय? घड्याळ न बघता, दम ओळखून सावकाश कसं धावायचं?

जोरदार सरावाच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम सावकाश आणि थोडंच धावणं म्हणजे रिकव्हरी रन. साधारण २० ते ४० मिनिटं पुरतात. यात वेग वाढवायचा नसतो. थकलेल्या पायांवर नवा ताण न टाकता शरीर हलतं ठेवायचं असतं.

नंदुरबार जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हे विशेष उपयोगाचं आहे. भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि त्याला २० गुण असतात. त्यामुळे अनेक जण रोजच वेळ लावून जीव तोडून पळतात. पण दम आणि ताकद वाढते ती सरावानंतरच्या विश्रांतीत. रोजच जोर लावला तर पाय भरून येतात, नडगी दुखू लागते आणि वेळ सुधारायचा थांबतो.

जोर मोजायचा कसा?

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ‘किती जोर लागतोय’ ही जाणीव आकड्यात सांगायची पद्धत आणली. त्यांची पहिली पट्टी ६ ते २० अशी होती. निरोगी प्रौढ माणसात त्या आकड्याला १० ने गुणलं की हृदयाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. पुढे ० ते १० ही सोपी पट्टी आली. धावणारे ती साधारण अशी वापरतात:

- ०: निवांत बसलेले
- २ ते ३: सावकाश धावणं, गप्पा मारता येतात
- ५ ते ६: बोलताना वाक्य तुटतं
- ८ ते ९: एखाद-दुसरा शब्दच निघतो
- १०: याहून जास्त शक्य नाही

रिकव्हरी रन २ ते ३ च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मोठ्याने दोन वाक्यं बोलून बघा. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, गरज पडली तर चाला.

वेगावर का जायचं नाही?

कारण तोच वेग रोज सारखा जड नसतो. तापीकाठच्या सपाट रस्त्यावर सोपा वाटणारा वेग तोरणमाळच्या चढावर दमवतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्त काम पडतं. झोप कमी झाली असेल, उपास असेल किंवा आदल्या दिवशी शेतात राबला असाल, तरी हेच होतं. घड्याळाला हे कळत नाही, दमाला कळतं.

‘लॅक्टिक अॅसिड निघून जातं’, हे खरं का?

नाही. जोरात धावल्यावर रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असतं. सावकाश धावल्याने आखडलेपण थोडं कमी वाटतं, इतकंच. चालताना लंगडावं लागत असेल, एकाच जागी टोचून दुखत असेल किंवा ताप असेल, तर त्या दिवशी विश्रांतीच घ्या.

सिकलसेल असेल तर?

सातपुड्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. वाहक व्यक्तीला एरवी त्रास होत नाही आणि तिने धावणं सोडायची गरज नाही. पण ऊन, पाण्याची कमतरता आणि न थांबता लावलेला पूर्ण जोर एकत्र आले, तर वाहकाचेही स्नायू निकामी होऊन जिवाला धोका होऊ शकतो. धावताना पाय अचानक गळून गेले, तर ‘आणखी एक फेरी’ म्हणून रेटू नका. लगेच थांबा, सावलीत जा, पाणी प्या आणि बरं वाटत नसेल तर तातडीने दवाखाना गाठा. वाहकांनी जोर हळूहळू वाढवावा, दोन फेऱ्यांमध्ये पुरेसं थांबावं. सिकलसेलच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव सुरू करू नये.

तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा आणि भरतीचा सराव वाढवण्याआधीच तपासणी करून घ्या.