जुना लॅपटॉप आणि बदललेली किल्ली

शाळेच्या कपाटातला जुना लॅपटॉप सुरू होतो, त्यावर लिहिता येते, चित्रे दिसतात. पण वाय-फायला तो काही केल्या जोडला जात नाही. दोन-चार वेळा पासवर्ड टाकून पाहिला की आपण त्यावर ‘बिघडला’ असा शिक्का मारून मोकळे होतो. पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसतेच. ते आपल्या जन्मकाळची भाषा बोलत असते, एवढेच. तेव्हा ही भाषा कशी बदलत गेली ते पाहू.

१९८५ मध्ये अमेरिकेने काही रेडिओ-पट्टे परवान्याविना संदेशवहनासाठी खुले केले. मायक्रोवेव्ह भट्टी ज्यावर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांत होता. पुढे १९९७ मध्ये ‘८०२.११’ हे बिनतारी जाळ्याचे पहिले मानक आले. त्याचा वेग होता सेकंदाला जेमतेम २० लाख बिट. १९९९ मध्ये त्याची दोन भावंडे आली : ‘बी’ २.४ गिगाहर्ट्झवर, तर ‘ए’ ५ गिगाहर्ट्झवर चालणारे. २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो लॅपटॉप आणले. त्यांच्यातले सुरुवातीचे रेडिओ-कार्ड फक्त ‘बी’ जाणत होते. अशा यंत्राला ५ गिगाहर्ट्झचे जाळे दिसणारच कसे?

आता किल्लीकडे वळू. तारेतला संदेश तारेतच राहतो. रेडिओलहरी मात्र भिंतीपलीकडेही ऐकू येतात. म्हणून १९९७ च्या मानकात ‘वेप’ नावाची कूटपद्धती होती. तिची गुप्त किल्ली ४० बिटांची. प्रत्येक संदेश-पुडक्यासाठी तिला २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडत. हे आकडे किती? दोनाचा चोविसावा घात, म्हणजे १,६७,७७,२१६. भरपूर वाटतात, पण हिशेब करून पाहू. एक पुडके १५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे. सेकंदाला ५० लाख बिट जात असतील तर सुमारे ४१७ पुडकी होतात आणि अकरा-साडेअकरा तासांत सगळे आकडे संपतात! मग जुनेच आकडे पुन्हा येतात, आणि एकाच कूटमालेने झाकलेली दोन पुडकी शेजारी ठेवली की ती माला गळून पडते.

दोष इथेच थांबला नाही. २००१ मध्ये फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर या तिघांनी दाखवले, की काही विशिष्ट आकडे आले की मूळ किल्लीचाच अंश बाहेर पडतो. पुढे २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट येथील संशोधकांनी वेपची मोठी, १०४ बिटांची किल्लीही मिनिटाच्या आत शोधून दाखवली.

मधल्या काळात डागडुजी झाली. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आले. जुन्याच कार्डावर नवी प्रणाली घालून ते चालावे अशी त्याची रचना होती. २००४ मध्ये भक्कम ‘डब्ल्यूपीए-२’ आले, आणि मार्च २००६ पासून वाय-फायचे प्रमाणपत्र हवे असेल तर ते सक्तीचे झाले. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ आले.

हा इतिहास हाताशी असला की तपासणीचा क्रम आपोआप सुचतो. एकाही जाळ्याचे नाव दिसत नसेल, तर लॅपटॉपच्या कडेला रेडिओचे बटण आहे का ते पाहावे. पुष्कळ जुन्या यंत्रांत ते असते आणि नकळत बंद होते. ते चालू असेल, तर कार्डाचे ड्रायव्हर तपासावे. इतर नावे दिसतात, फक्त शाळेचे दिसत नाही? मग राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे का ते पाहावे. नाव दिसते, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही? तर बहुधा किल्लीची पद्धत जुळत नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर असेल, तर डब्ल्यूपीए-२ सुद्धा चालेल अशी मांडणी करावी आणि लॅपटॉपचे ड्रायव्हर अद्ययावत करावे.

एक मोह मात्र टाळावा. एका जुन्या यंत्रासाठी राउटर वेपवर आणला, तर लॅपटॉप जोडला जाईल. पण साऱ्या शाळेचे दार उघडे पडेल. त्यापेक्षा यूएसबीत बसणारे नवे वाय-फाय कार्ड घ्यावे, नाहीतर सरळ तार जोडावी. आणि वरचा अकरा तासांचा हिशेब नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावा. घातांकाचे मोल मुलांना त्यातून चांगले कळेल.