सूर्यावर पीएचडी करायची आहे? सुरुवात कुठून करायची ते बघा

मे २०२४ मध्ये एक मोठं सौरवादळ पृथ्वीवर येऊन धडकलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचं गणित चुकलं. मोबाईलमधला मॅपसुद्धा जीपीएसवरच चालतो, म्हणजे हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. असं वादळ सूर्यावरून कधी निघेल, हे आधी सांगणं अजून नीट जमलेलं नाही. संशोधकांची गरज आहे ती इथेच.

भारतात हे काम कुठे चालतं?

आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमीवरच्या कक्षेत पोहोचलं. त्यावर सात उपकरणं आहेत. सूर्याचे अतिनील फोटो काढणारी 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली बनली. सूर्याचा प्रभामंडल बघणारं 'व्हेल्क' बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं. ग्रहांची आवड असेल तर अहमदाबादची पीआरएल बघा. चांद्रयान-३ च्या रोव्हरवरचं, मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं एक उपकरण त्यांनीच बनवलं.

प्रवेश कसा मिळतो?

साधारणपणे भौतिकशास्त्रात एमएस्सी लागते. काही ठिकाणी इंजिनीअरिंगची पदवीही चालते. जेस्ट, नेट, गेट किंवा संस्थेची स्वतःची परीक्षा आणि मग मुलाखत, असा रस्ता असतो. पात्रता मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतच तपासा.

पैशाचं काय?

केंद्र सरकारच्या दराने सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये फेलोशिप मिळते, घरभाडं वेगळं. आयटीतल्या मित्रांचे पगार पाच वर्षांत पुढे जातील, हे घरी आधीच स्पष्ट सांगा.

आजपासून काय कराल?

पायथन शिका. सनपाय आणि अ‍ॅस्ट्रोपाय या लायब्ररी मोफत आहेत. आदित्यचा डेटा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नोंदणी करून मिळतो. एक फाईल उतरवा, तिचा आलेख काढा. त्यात तीन तास कसे गेले कळलंच नाही, तर पुढच्या पाच वर्षांचा विचार करायला हरकत नाही!