तळटीप : साष्टीतला लाल कोट
१२. लाल कोट : मुंबईचे इंग्रज साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांच्या मुलुखात, घोड्यावरून हाउंड कुत्र्यांसह शिकारीला जात. विलायतेतल्या खोकडाची जागा इथे कोल्ह्याने घेतली (त्याचे वंशज विक्रोळीकडच्या खारफुटीत अजून तग धरून आहेत). रिवाज विलायतेचाच. लाल कोट मास्टर (शिकारीचा प्रमुख), त्याचे हाताखालचे लोक आणि मास्टरने मानाची बटणे दिलेले सभासद यांनीच घालायचा, इतरांनी काळा. गळ्याभोवती पांढरा लांब पट्टा, त्यावर साधी पिन, तीही आडवी, म्हणजे पडताना गळ्यात घुसू नये. स्वार किंवा घोडा जखमी झाला की तोच पट्टा सोडून जखमेवर बांधत. सगळ्या पोशाखात मला हाच भाग खरा शहाणपणाचा वाटतो.