वर्गणीची वही आणि स्त्रीची कमाई

महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेचा इतिहास आपण बहुधा वादांच्या अंगाने वाचतो. पुनर्विवाह, केशवपन, संमतिवय या प्रश्नांवरील खंडनमंडनाने आपले ग्रंथ भरलेले आहेत. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहतो. विधवेला शिकवून तिला स्वकष्टाची भाकरी मिळवून द्यावयाची, तर त्या कार्याला पैसा कोठून आला? तो कोणी मागितला आणि कोणत्या नात्याने मागितला? या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वह्यांप्रमाणेच त्या काळच्या आत्मचरित्रांतही दडलेले आहे.

जुन्या समाजात दानाला तोटा नव्हता. गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागून वा वार लावून विद्या संपादन करी आणि त्याला घास घालणाऱ्या गृहिणीस पुण्य लाभे. विधवेच्या शिक्षणासाठी मात्र अशी कोणतीही रूढ सोय नव्हती. ती पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात राबे. पण त्या राबण्याला कोणी कमाई म्हणत नसे. म्हणून तिच्यासाठी पैसा मागणे म्हणजे दानाची कल्पनाच बदलू पाहणे होते.

हे धाडस प्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते पंडिता रमाबाईंनी. १८८७ साली अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, व्याख्याने दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे त्यांच्या नावाची संस्था स्थापन होऊन तिने दहा वर्षे साहाय्य करण्याचे मान्य केले. त्या बळावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात तेथील स्त्रियांच्या संघटनांचे जे वर्णन आहे, ते केवळ कौतुकाचे नाही. स्त्रियांनी एकत्र येऊन सार्वजनिक कार्य कसे चालवावे, याचा तो मराठी वाचकासाठी मांडलेला वस्तुपाठच होय.

परंतु पैसा बोस्टनचा आणि सल्लागार येथले, ही घडी फार काळ टिकली नाही. सदन पुण्यास आल्यावर धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणाची धार्मिक बाजू सर्वश्रुत आहे. तिच्याखाली दुसरा प्रश्न होता. संस्था कोणाची? दूरच्या दात्याची, ती चालविणारीची, की ज्या समाजात ती उभी आहे त्याची?

धोंडो केशव कर्वे यांनी या प्रश्नाला वर्गणीने उत्तर दिले. शारदा सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी त्यांनी १८९३ मध्ये विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. अध्यापन सांभाळून सुटीत गावोगाव हिंडावे, लहान लहान रकमा गोळा कराव्यात आणि त्यांचा हिशेब लोकांपुढे ठेवावा, हा त्यांचा क्रम होता. दाता पुण्य जोडून मोकळा होतो. वर्गणीदाराला मात्र पुढील वर्षी अहवाल मागण्याचा अधिकार असतो. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली. पण १९१६ मध्ये ते विद्यापीठ निघाले ते या लहान वर्गणीदारांनी निर्माण केलेल्या विश्वासावर.

तथापि या इतिहासातील निर्णायक पाऊल कर्व्यांचे नव्हे, तर गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे आहे. विधवेसाठी मागणारा पुरुष समाजाने पाहिला होता; आता विधवाच स्वतः मागावयास उभी राहिली. जिचे दर्शन अशुभ मानले जाई, तिने सभेत बोलावे आणि लोकांनी ऐकून पैसे द्यावेत, ही घटना लहान नव्हे. वर्षानुवर्षे त्या केशवपन केलेल्या रूपातच फिरल्या. सनातनी घरांची दारे त्या वेषामुळेच उघडत. १९१२ मध्ये त्यांनी तो आचार सोडला, तरी कार्य सोडले नाही. १९१८ ते १९२० या काळात त्या अमेरिकेत राहिल्या आणि परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी उदरनिर्वाह केला. जे राबणे घरी विधवेच्या नशिबाचा भाग होते, तेच तेथे मजुरीस पात्र ठरले. १९२८ च्या ‘माझी कहाणी’ या आत्मकथनाचे मोल त्यातील सोशिकतेत नाही. मागणारीला क्रमाक्रमाने येत गेलेल्या आत्मविश्वासात ते आहे.

१९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि १९११ पासून ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. शिक्षिका आणि परिचारिका या दोन पगारी वाटा अशा रीतीने मोकळ्या झाल्या. परंतु या साऱ्या उपक्रमांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांचा लाभ मुख्यतः पांढरपेशा घरांतील स्त्रियांना झाला. गिरणीत, शेतात, रस्त्यावर काम करणारी स्त्री कमावती होतीच. तिला शिकवणीपेक्षा पत हवी होती. वर्गणीच्या वहीत तिची ही गरज नोंदली गेली नाही.

त्या गरजेची दखल मुंबईच्या गिरणगावात, पुष्कळ उशिरा, घेतली गेली. गिरणी कामगारांना डबे करून घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांचे दार सामान्यांसाठी किलकिले झालेच होते. एकमेकींची हमी घेऊन या स्त्रियांनी तेथून कर्ज मिळविले. येथे मागणे हे दान नव्हते आणि वर्गणीही नव्हती. ते फेडावयाचे ऋण होते, आणि ऋण त्यालाच मिळते ज्याच्या शब्दावर विश्वास असतो.

दान, वर्गणी आणि ऋण हा केवळ अर्थव्यवहाराचा क्रम नाही. दयेस पात्र अबला, संस्थेची प्रतिनिधी आणि पत असलेली नागरिक अशी स्त्रीच्या सामाजिक स्थानाची ही वाटचाल आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने आत्मचरित्रे वाचताना गावांची, दौऱ्यांची आणि जमलेल्या रकमांची पाने रूक्ष समजून ओलांडू नयेत. आपले दुःख सांगताना संकोचणारी स्त्री तेथे चार आण्यांचाही हिशेब निःसंकोच देते, आणि तिच्या स्वातंत्र्याचा पहिला पुरावा आपल्याला त्याच पानांवर सापडतो.