वॉशिंग्टनचा शेवटचा दात आणि सोलापूरची कडक भाकरी

मंडळी, सोलापुरात दातांची खरी परीक्षा घेते ती कडक भाकरी! दोन-चार दात गेले की आजोबा अर्धी कवळी बसवून घेतात. काढता-घालता येणारी, तारेच्या आकड्यांनी उरलेल्या दातांना धरून राहणारी.

उरलेल्या दाताचा आधार घ्यायची युक्ती जुनीच. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्यानं पाणघोड्याच्या सुळ्याची कवळी कोरली आणि त्या दातासाठी तिला चक्क भोक ठेवलं. १७९६ मध्ये तोही दात काढावा लागला. (लाकडी कवळीची गोष्ट मात्र थाप हां!)

पुढे १८५० च्या दशकात कडक रबर आलं, १९३० च्या दशकात अ‍ॅक्रिलिक. कवळी स्वस्त झाली, हिरडीचं दुखणं तेच राहिलं. आकड्याभोवती अन्न अडकतं, थर साचतो, हिरडी सुजते, मागे सरकते आणि आधाराचाच दात हलायला लागतो. त्यात मिश्रीची सवय असेल तर विचारूच नका. वरची कवळी रात्रीही तोंडात राहिली, तर तिच्याखाली बुरशी वाढून टाळूला लाली चढते. म्हणून झोपताना ती काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. पाणी साधंच, उकळत्या पाण्यात अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं.