घरपट्टीचा आकडा कोण ठरवतो?

मार्च महिना उजाडला की नगरपालिकेच्या कचेरीत दोन कागदांची लगबग सुरू होते. एक येत्या सालाचे अंदाजपत्रक आणि दुसरा घरपट्टीच्या थकबाकीची यादी. पहिल्या कागदाकडे गावाचे लक्ष क्वचितच जाते. दुसऱ्याकडे मात्र सगळ्यांचे असते, कारण त्यात आपले नाव नाही ना, हे ज्याला त्याला पाहावयाचे असते! वास्तविक हे दोन्ही कागद एकाच वहीची दोन पाने होत. रस्त्यावरचा दिवा, नळाचे पाणी आणि गटाराची सफाई यांचा खर्च पहिल्या पानावर, आणि तो ज्या घरांनी उचलावयाचा त्यांची नावे दुसऱ्यावर. परंतु त्या घरांवरील आकडा ठरवतो कोण, असा प्रश्न केला तर उत्तर वाटते तितके सोपे नाही. आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

घरपट्टी हा शब्द इंग्रजी अमदानीने दिलेला नव्हे. पेशवाईच्या दप्तरांत घरपट्टी आहे आणि कारागिरांवरचा व दुकानांवरचा मोहतर्फाही आहे. मात्र ती पट्टी सरकारची होती. गावातून निघालेला पैसा गावातच खर्चावा, ही कल्पना तीत नव्हती. आदिलाबादचा मुलूख निजामाच्या राज्यात सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जात असे. १९०५ साली तो स्वतंत्र जिल्हा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या राज्यात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आण्याचा स्थानिक उपकर बसला आणि त्यातून 'लोकल फंड' उभा राहिला. हिशेबाचे साल फसली, त्याचा आरंभ ऑक्टोबरात आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेला. नाणे हाली सिक्क्याचे, सात हाली रुपयांचे सहा कलदार. आणि दप्तर उर्दूत. तेलुगू किंवा मराठी बोलणाऱ्या गृहस्थाला आपल्याच गावाचा जमाखर्च वाचून घ्यावयाचा तर मुन्शी गाठावा लागे. कर देणारा आणि कराची वही यांच्यात अंतर पडले ते असे पूर्वीच.

पोलिस कारवाईनंतर, म्हणजे १९४८ नंतर, हे चित्र पालटू लागले. १९५६ साली हैदराबाद राज्याने जिल्हा नगरपालिकांचा कायदा केला. पण ज्या राज्याने तो केला ते राज्यच त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला नकाशावरून गेले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचे मंडळ मुंबई राज्यात आले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका आणि भोकर तालुक्यातील भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात जाऊन आदिलाबादला जोडली गेली. किनवट इकडे आले, भैंसा तिकडे गेले. दोन्हीकडे मराठी घरे, दोन्हीकडे कापसाची बाजारपेठ. परंतु घरपट्टीचा कागद एका ठिकाणी मराठीत येऊ लागला व दुसऱ्या ठिकाणी तेलुगूत. पुढे १९६५ साली दोन्ही राज्यांनी आपापले नगरपालिका कायदे केले. महाराष्ट्राने आकारणीची यादी चार वर्षांतून एकदा नव्याने करावी असे सांगितले, आंध्रने पाच वर्षांची मुदत घातली.

आकारणीचे तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच, आणि ते आले विलायतेहून. इंग्लंडमध्ये १८३६च्या कायद्याने असे ठरवले की घराची किंमत पाहू नये, ते वर्षभर भाड्याने दिल्यास वाजवी भाडे किती येईल ते पाहावे. मालक स्वतः राहत असला तरी क्षणभर त्याला भाडेकरू समजावे! या काल्पनिक भाड्याने हिंदुस्थानातील नगरपालिकांना शंभर वर्षांहून अधिक काळ पोसले. पुढे भाडेनियंत्रणाचे कायदे आले आणि पेच पडला. गुंटूर नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली निर्णय दिला की, भाडेनियंत्रणाच्या कायद्याप्रमाणे जे वाजवी भाडे ठरेल त्यापलीकडे करासाठीही भाडे धरता येणार नाही. भाडेकरूचे रक्षण करणाऱ्या कायद्याने नगरपालिकेचे उत्पन्न असे बांधून टाकले.

यातून वाट काढण्यासाठी आंध्रात १९९०च्या आकारणी नियमांनी विभागवार दर ठरवण्याची पद्धत आणली. घर कोणत्या भागात आहे, स्लॅबचे की कौलारू, आणि किती चौरस मीटरचे, यावरून दरमहा भाडे धरावयाचे. समजा, साठ चौरस मीटरचे घर आहे आणि त्या भागाचा दर पाच रुपये. महिन्याचे भाडे तीनशे, वर्षाचे छत्तीसशे. मालक स्वतः राहत असेल तर चाळीस टक्के सूट; उरले एकवीसशे साठ. कराचा दर वीस टक्के धरला तर वर्षाचे चारशे बत्तीस रुपये. हिशेब सरळ आहे. सगळी मेख त्या पाच रुपयांत आहे. तो आकडा वेळच्या वेळी बदलला तर पद्धत न्यायाची, एरवी नाही.

आणि तो बदलला नाही. राहत्या घरांची सर्वसाधारण फेरआकारणी २००२ साली झाली व दुकाने-गोदामांची २००७ साली. त्यानंतर पाच वर्षांचा नियम कागदावर राहिला. कर वाढला नाही म्हणून गरिबाचे भले झाले, असे वरवर वाटेल. मला ते पटत नाही. मागच्या गल्लीतल्या कौलारू घराचे भाडे थोडेच वाढले. मुख्य रस्त्यावरील दुकानाचे कित्येक पट वाढले. दर गोठल्याचा खरा लाभ त्या दुकानाच्या मालकाला झाला, आणि गटार तुंबले ते मागच्या गल्लीतले.

दरम्यान १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. तरी कराचे सूत्र राजधानीच्याच हाती राहिले. तेलंगणाच्या २०१९च्या कायद्याने मालकानेच आपल्या घराचे क्षेत्रफळ जाहीर करावे असे ठरवले. खोटे निघाल्यास पंचवीसपट दंड. पंच्याहत्तर चौरस यार्डांपर्यंतच्या जागेवरील लहान घराला वर्षाला केवळ शंभर रुपये कर ठेवला, ही गोष्ट चांगली झाली. त्याच कायद्याने अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा झाडे लावण्यासाठी बांधून दिला. झाडे हवीतच, पण ज्या गावाला आधी पाणी हवे त्याने काय करावे, हे गावाला विचारले गेले नाही.

२०२० सालच्या दिवाळीत राज्य सरकारने हैदराबादबाहेरच्या शहरांत दहा हजार रुपयांपर्यंतची घरपट्टी त्या वर्षापुरती निम्मी केली. टाळेबंदीने गांजलेल्या कुटुंबांना दिलासा मिळाला, यात शंका नाही. परंतु काही आठवड्यांतच, जानेवारी २०२१ मध्ये, केंद्राने तेलंगणाला २,५०८ कोटी रुपयांच्या जादा कर्जाची परवानगी दिली, ती घरपट्टीचे किमान दर जमिनीच्या सरकारी भावाशी जोडण्याची आणि पाणी-निचऱ्याचे दर खर्चाशी जुळवण्याची अट राज्याने पाळली म्हणून. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांच्या अनुदानालाच घरपट्टीच्या वाढीची अट घातली. सूट हैदराबादेत जाहीर झाली, वाढीची अट दिल्लीत ठरली. आदिलाबादच्या नगरपरिषदेच्या वाट्याला दोन्ही वेळी आला तो फक्त हुकूम.

याच मुलखात मंदमर्री हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता मंचेरियालमध्ये आहे. ते अनुसूचित क्षेत्रात मोडते, आणि घटनेचा नगरपालिकांचा भाग तेथे आपोआप लागू होत नाही. तो लागू करण्यासाठी २००१ साली राज्यसभेत विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. परिणामी शेजारच्या बेल्लमपल्लीत २०१४ व २०२० साली नगरसेवक निवडले गेले, मंदमर्रीत मतदान झालेच नाही. आदिवासींच्या जमिनी व हक्क राखण्यासाठी घातलेले हे कुंपण अनाठायी नव्हते. पण खाणकामगाराच्या घरावर पट्टी बसते, अंदाजपत्रक होते, आणि त्यावर हात वर करणारा त्याचा माणूस सभागृहात नसतो, हेही तितकेच खरे.

जानेवारी २०२५ मध्ये आदिलाबादसह तेलंगणातील बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे गेला. त्या मार्चमध्ये मंदमर्रीप्रमाणे आदिलाबादचे अंदाजपत्रकही नगरसेवकांविना झाले; घरपट्टीची मागणीपत्रके मात्र नेहमीप्रमाणे घरोघर पोहोचली.